एक्केचाळीस जणांनी वाचले

दोन नंबरच्या पंपाखालची फरशी कोरडी होती. दुपारचे दोन वाजले होते. मी दार ढकलून आत आलो, डबा खिडकीत ठेवला आणि सवयीनं पंपापाशी पाऊल जरा लांब टाकलं, कारण तिथं पाणी असतं. पाणी नव्हतं. जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा, तसा माझा तोल गेला. बावीस वर्षं मी त्या पाण्याला चुकवून चालत आलो होतो. आमच्या पंपघरात तीन पंप आहेत, अर्ध्या शहराला ते पाणी चढवतात, आणि आवाज इतका की आत कुणी मोठ्यानं रडलं तरी शेजारच्याला कळू नये. त्या आवाजात मी खाली उकिडवा बसलो, दोन नंबरपाशी हात नेला आणि लागायच्या आधीच मागे घेतला. धग येत होती. जळक्या दोरीचा वास येत होता, ओलं गोणपाट विस्तवाजवळ राहिल्यावर येतो तसा.

मोटरचा दांडा पंपात जिथं शिरतो तिथं दोरीचे वेढे भरलेले असतात आणि वरून एक लोखंडी कडं दोन नटांनी दाबून बसवलेलं असतं. त्याला ग्लँड म्हणतात. ती पुरती आवळायची नसते. तिच्यातून मिनिटाला चाळीस-पन्नास थेंब पडत राहावे लागतात, त्या पाण्यानंच दांडा थंड राहतो. नवख्या माणसाला ती गळती वाटते. मलाही वाटली होती. पहिल्याच आठवड्यात मी पाना घेऊन ती आवळायला गेलो, तेव्हा पहिल्या पाळीच्या पंपचालकानं माझं मनगट धरलं आणि कानाशी तोंड आणून ओरडला, "घाम आहे तो त्याचा! येऊ दे!" मग खिशातलं घड्याळ माझ्यासमोर धरून मला थेंब मोजायला लावले. आकडे मला येत होते. अठ्ठेचाळीस भरले. त्यानं मान हलवली, जसे काही ते मीच पाडले होते. हा माणूस म्हणजे आमचे मास्तर. ते नाव मीच पाडलं, पुढे सगळेच म्हणू लागले. दोन नंबरची ग्लँड मास्तरांच्या हातची कोरडी होणं म्हणजे माझ्या बायकोनं मीठ न घालता जेवण वाढण्यासारखं होतं. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण मीठ कधी विसरली नव्हती.

तीन नंबर चालू केला, दोन बंद केला. आवाजाचा सूर जरा बदलला. मग खिशातला फोन काढला. एक वाजून चाळीस मिनिटांचा चार्ज, म्हणजे पाळी सोपवतानाचा निरोप, त्यावर आलेला होता. नाव होतं 'पहिली पाळी', आणि खाली, "दोन नंबरची गळती पूर्ण बंद केली. बाकी ठीक." सोबत फोटो. फोटोत ती कोरडी ग्लँड चकाकत होती. साहेबांनी खाली लिहिलं होतं, "शाब्बास. सर्वांनी असेच काम करावे." आणि त्याखाली, अडतीस जणांनी वाचले. त्या अडतिसांत मी होतो. फाटकापाशीच फोन थरथरला होता आणि मी चालता चालता बटण दाबलं होतं.

हे फोन येऊन आठ महिने झाले होते. ऑफिसातून एक बाई शिकवायला आल्या होत्या, चांगल्या होत्या, सगळ्यांना अहो-जाहो करत होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना, पंपाचे, पाइपलाइनचे, टाक्यांवरचे, एका खोलीत बसवलं आणि भिंतीवर चित्रं दाखवली. माणसांची डोकी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. "आता कुणीच एकटं नाही," त्या म्हणाल्या. "टाकीवरचा माणूस पंपावरच्याशी बोलेल, पंपावरचा थेट साहेबांशी. एक कुटुंब." मागून टाकीवरचा म्हणाला, "घरच्या कुटुंबाशी बोलायला जमेना, आता हे एक." सगळे हसले, बाईही हसल्या. फोन माणसाला मिळाला नव्हता, जागेला मिळाला होता. त्यावर नाव माणसाचं नव्हतं, पाळीचं होतं. मी 'दुसरी पाळी'. पाळी संपल्यावर तो खुंटीला लावून गेलं तरी चालायचं, पण आम्ही बहुतेक जण तो घरी नेत असू, कारण बाईंनी सांगितलं होतं की घरीही निरोप येतील. आणि पुढच्या महिन्यापासून चार्ज फोनवर द्यायचा असं ठरलं, म्हणून दोन पाळ्यांमधला अर्धा तास काढून टाकला. आता पहिल्या पाळीनं पावणेदोनला निघायचं, दुसरीनं दोनला शिरायचं. मधली पंधरा मिनिटं कॅमेरा बघणार. दोनच्या आधी फाटकाचं यंत्र माझं कार्ड घेत नाही, लाल दिवा लावतं. मास्तरांची बस मागच्या फाटकातून सुटायची. एकदा माझी बस वेळेआधी पोचली, तेव्हा वळणावर त्यांची बस समोरून गेली. खिडकीत ते होते. त्यांनी हात केला की कपाळावरचा घाम पुसला, ते मला नक्की सांगता येणार नाही.

तो अर्धा तास काय होता, हे आठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ठरवून काय होतं? कोरड्या फरशीसमोर पाना घेऊन बसलो आणि सगळं आठवत गेलं. बाहेर भिंतीला लागून एक लांब लोखंडी पेटी आहे, व्हॉल्व्हचे सुटे भाग ठेवायची. तिच्यावर आम्ही बसायचो. ते आधी चार्ज द्यायचे, एक नंबर बरा, तीन नंबरची मोटर दुपारी जरा कण्हते, दाबाचा काटा इतका, तेल तितकं. पाच मिनिटांचं काम. उरलेली पंचवीस मिनिटं कशाची होती? त्यांच्या लेकीचा अभ्यास, माझ्या लेकीचं लग्न. वहिनींची गुडघेदुखी. मी वहिनींना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा डबा बावीस वर्षं पाहिला होता, झाकणावरचा पोचा कुठं आहे ते मला ठाऊक होतं. माझी बायको गेली तेव्हा मी पाच दिवसांनी कामावर आलो. मास्तरांनी चार्ज दिला आणि मग त्या पेटीवर अडीच वाजेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले, त्यांची बस चुकली, चालत गेले. घरी आल्यावर मला जाणवलं की माझा उजवा खांदा गरम आहे, त्या बाजूला ते बसले होते. आता मी कुणाशी बोलतो असं विचारलं तर लेक रविवारी फोन करते. "जेवलात का, बाबा? औषध घेतलंत का?" मी हो म्हणतो. तिच्या मागून तिच्या मुलांचा आवाज येतो आणि मग ती म्हणते, "ठेवते हं." बाकीचे सहा दिवस माझा आवाज पंपघरात कुणाला ऐकू जात नाही, मलासुद्धा.

आणि अक्षरं. ती मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकलो. त्याआधी आकड्यांवर निभावलं. सहीच्या जागी एक वेटोळं काढायचो, ते लोकांना सही वाटायचं. एक दिवस एक नंबरच्या बटणाला पाटी लावलेली होती. पाटी रोजच कसली ना कसली असायची. मी बटण दाबलं. पाटीवर लिहिलं होतं, काम चालू आहे, दाबू नये. मास्तरांचा डावा हात आत होता. त्यांनी ओढला, करंगळीचं टोक राहिलं. फार रक्त आलं नाही. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं, पाटी काढली, माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "काय लिहिलंय?" मी पाटीकडे बघत राहिलो. त्यांनी पाटी उलटी केली, तरीही मी तसाच बघत राहिलो. तेव्हा त्यांना कळलं. ऑफिसात त्यांनी सांगितलं की दारात बोट चिमटलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हातात खडू घेऊन आले आणि पंपघराच्या बाहेरच्या फरशीवर मोठं 'थ' काढलं. म्हणाले, "यातून सुरुवात. थांब. हा शब्द तुला आधी आला पाहिजे." दीड वर्ष रोज पंचवीस मिनिटं. मी बोट ठेवून वाचायचो, ते पायानं अक्षर पुसायचे आणि म्हणायचे, "आता बोट न ठेवता." बोट न ठेवता मला अजूनही नीट जमत नाही. ओळ हलते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांच्यासमोर वाचताना मी बोट खिशात ठेवायचो आणि खिशातल्या खिशात ते पुढे सरकवायचो.

फोन आल्यावर या बोटाची पंचाईत झाली. काचेवर बोट ठेवलं की ओळ पळते. शिवाय दिवसाला तीस-तीस निरोप. कुणाचा वाढदिवस, कुणी फुलाचं चित्र पाठवलं, साहेबांचं सुरक्षेचं पत्रक, टाकीवरच्याचा विनोद. प्रत्येकाखाली एक बटण, वाचले. संध्याकाळी साहेब यादी टाकायचे, कुणी कुणी वाचले नाही. पहिल्या महिन्यात त्या यादीत रोज मी असायचो. साहेब वयानं माझ्या लेकीएवढे, ते आदरानंच लिहायचे, "दुसरी पाळी, कृपया सहकार्य करावे." ते सगळे वाचायचे. मास्तरही वाचत असणार. मग मी युक्ती काढली. फोन थरथरला की आधी बटण दाबायचं, वाचायचं चार वाजता, चहाबरोबर, पेटीवर बसून, निवांत. काही दिवस वाचलं. मग नुसता चहा राहिला. यादीतून माझं नाव गेलं. एकदा तर साहेबांनी लिहिलं, सर्वांत तत्पर, दुसरी पाळी. फक्त मास्तरांचा चार्ज मी खरोखर वाचायचो. तो छोटा असायचा. आणि त्यावर मी लिहायचो, एकेक अक्षर शोधून, "मास्तर पाठ कशी आहे." कधी उत्तर यायचं, "बरी. तू औषध घे." हल्ली उत्तर यायचं, "ठीक." मला वाटायचं, दमले असतील. मला वाटायचं, इतक्या लोकांसमोर काय लिहिणार?

दोन नंबर निवेपर्यंत मी लिहिलं, "मास्तर ग्लँड का आवळली." दहा मिनिटं लागली. उत्तर लगेच आलं. "गळत होती."

मी ते दोन शब्द कितीदा वाचले! पहिल्यांदा वाटलं, म्हातारपण. विसरायला लागले. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. मी बाहेर पेटीपाशी गेलो, दार लावून घेतलं आणि 'पहिली पाळी'ला फोन लावला.

"हॅलो, बोला," एक अनोळखी आवाज म्हणाला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"मास्तर?"

"अहो, तुम्ही मला रोज मास्तर का म्हणता? मी घरी बायकोला म्हटलं, बहुतेक टोमणा मारतात. नवीन माणसाला काही येत नाही म्हणून."

"तुम्ही कोण?"

"पहिली पाळी. आधी लिफ्टवर होतो, लिफ्ट दुरुस्तीला. अकरा दिवस झाले इथं येऊन."

"मास्तर कुठं आहेत?"

"ते जुने होय? ते सुटले ना. कानाच्या तपासणीत अडकले. ग्रुपवर टाकलं होतं म्हणे त्यांनी. मी दुसऱ्या दिवशी आलो, मला मागचं काही दिसत नाही. तुम्हाला दिसेल, वर वर जा." मग जरा थांबून तो म्हणाला, "ग्लँडचं काही चुकलं का? लिफ्टला थेंबभर तेल गळलं तरी आमची हजेरी घ्यायचे, म्हणून मी आवळली."

"चुकलं," मी म्हटलं. "उद्या सांगतो." पण उद्या कुठं, कसं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तो म्हणाला, "टाका ग्रुपवर."

मी आत गेलो. जळलेली दोरी आकड्यानं ओढून काढली, नवे वेढे कापून भरले, नट हातानं बसवले, मग पाव-पाव फेरा. हातांना सगळं येत होतं, मला काही विचारत नव्हते. साडेचार वाजता दोन नंबर चालू केला आणि पहिला थेंब पडला. मग पेटीवर बसून फोनवर वर वर जाऊ लागलो. फुलं, वाढदिवस, हातमोजे घालण्याबद्दल सूचना, कुणाच्या नातवाचा फोटो. अकरा दिवसांत माणसं किती बोलली होती! आणि मग ते आलं. काचेचं एक पान भरून, शिवाय खाली उरलेलं. सुरुवात अशी होती, "सर्व सहकाऱ्यांना कळविण्यात येते की." तेवढं वाचल्यावर मला आठवलं. फाटकापाशी, कार्ड हातात धरून दोन वाजायची वाट बघताना, हेच तीन-चार शब्द डोळ्यांना दिसले होते आणि मी म्हटलं होतं, पत्रक. आणि दाबलं होतं.

मी खिशातून खडू काढला. खडू मी अजून ठेवतो, नट किती फिरवला याची खूण करायला. एक शब्द वाचायचा, फरशीवर लिहायचा, पुढचा वाचायचा. असं केलं की ओळ हलत नाही. संध्याकाळ होईतो पेटीसमोरची फरशी भरली. मधे दोनदा उठून काटे पाहून आलो. लिहिलं होतं ते असं.

"सर्व सहकाऱ्यांना कळविण्यात येते की, खाली सही करणाराची कानतपासणी होऊन तो नापास झाला आहे. सबब उद्यापासून पहिली पाळी दुसरे गृहस्थ पाहतील. सव्वीस वर्षे झाली. कोणाला अधिकउणे बोललो असेन तर ते पंपाच्या आवाजात ऐकू गेले नसेल असे समजतो. दोन नंबरची ग्लँड कोरडी होऊ देऊ नये. येत्या रविवारी सकाळपासून घरी आहे, जमेल त्यांनी यावे. मोठे काही नाही, बसू. टाकीमागची वसाहत, तिसरी इमारत, सर्वांत वर. दुसऱ्या पाळीने मात्र यावेच. या माणसाला मी अक्षरे शिकवली. पंप पुष्कळ दुरुस्त केले, ते दुसऱ्या कोणीही केले असते. हे काम माझे. आत्ता तो हे वाचत असेल आणि कोणाला विचारत नसेल, एवढे मला पुरे आहे."

खाली, एक्केचाळीस जणांनी वाचले. बोट लावलं की नावं उघडतात. पहिलं नाव, दुसरी पाळी. एक अठ्ठावन्न. निरोप आला तीच वेळ, तेच मिनिट.

तो रविवार मला मिनिटामिनिटानं आठवला, ही शिक्षाच म्हणायची. रविवार माझ्या सुट्टीचा. सकाळी उठून दोन शर्ट धुतले. दाढी करायला गेलो, दुकानात गर्दी नव्हती तरी मी म्हटलं, मला घाई नाही, ज्याला असेल त्याला आधी बसवा. जुनं वर्तमानपत्र हातात घेऊन बसलो. परत आलो, लेकीचा फोन आला, जेवलो म्हटलं, मग जेवलो. दुपारी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती, तिनं ती चारदा झटकली, मी मोजलं. संध्याकाळी वाटलं, कुणीतरी यावं, निदान चुकून दार वाजवावं. फोन खुंटीवरच्या शर्टात होता. त्या शर्टात, त्या दिवसभर, "यावेच" असं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टाकीमागच्या वसाहतीत गेलो. दोन बस बदलल्या. तिसरी इमारत, चार जिने. दार वहिनींनी उघडलं. डब्यावरून मी त्यांना उंच समजत होतो, त्या ठेंगण्या निघाल्या.

"कोण?"

"दुसरी पाळी," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या. रविवारी बोलावलं तर माणूस मंगळवारी आला, तोही पुढच्या. चपला आतच काढा, बाहेरच्या राहत नाहीत इथं."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, पंपघरात मी त्यांना कधी पांढऱ्यात पाहिलं नव्हतं. मी समोर गेलो तेव्हा त्यांना दिसलं. "आलास!" ते मोठ्यानं म्हणाले, फार मोठ्यानं, खोलीतली भांडी वाजतील इतकं. वहिनी मला म्हणाल्या, "मशीन दिलंय कानाचं, ते डबीत. शिटी मारतं म्हणतात. जन्मभर पंप चालले, शिटी नको." मला नवल याचं वाटलं की मला कधी कळलं नव्हतं. आत सगळेच बहिरे असतात. आम्ही हातांनीच बोलायचो, आणि बाहेर पेटीवर ते माझ्याकडे तोंड करून बसायचे. मला तो जिव्हाळा वाटायचा. जिव्हाळाही असेल.

त्यांनी दोन बोटं वर केली आणि तळहात उताणा केला. दोन नंबर कसा आहे? मी अंगठा आणि बोट जुळवून खाली थेंब पाडला, मग पाच बोटं. पन्नास. त्यांचा चेहरा उजळला. मग तीन नंबर, मग तेल, मग काटा. खुणा भराभर चालल्या, वहिनी उभ्या राहून बघत होत्या. गरमला खूण होती, हवा धरली याला होती, पट्टा सैल याला होती. मग एकदम सांगायचं संपलं आणि हात मांडीवर आले. पुढच्या गोष्टीला आमच्याकडे खूण नव्हती.

"टाकलं आणि लगेच तुझं नाव आलं," मास्तर म्हणाले. "पहिलं! फोन परत करायच्या आधी मी हिला दाखवलं. म्हटलं, बघ. बोट ठेवून वाचणारा माणूस. मला लिहायला सगळी सकाळ गेली आणि यानं एका दमात वाचलं."

"दिवसभर तेच," वहिनी म्हणाल्या. "शेजारच्यांना, दूधवाल्याला. पोरगी पास झाली तेव्हा एवढं केलं नव्हतं."

"मग म्हटलं, आता येईल." ते माझ्याकडे बघत होते, ओठांकडे. "तीन माणसं आली, टाकीवरचा आला, साहेब येऊन गेले. मी याला बस, त्याला बस म्हणत होतो. ही खुर्ची ठेवली होती." मग ते जरा खाकरले. "सुट्टी होती ना तुझी?"

मी काहीतरी बोललो. त्यांनी कानामागे हात नेला आणि मान हलवली. वहिनींनी दिनदर्शिकेचं गेल्या महिन्याचं पान फाडून आणलं, कोऱ्या बाजूला वर करून माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि पेन्सिल दिली. "लिहा. आम्ही आता असंच बोलतो."

मी पेन्सिल हातात घेतली. लिहायला दोन वाक्यं होती, त्यातलं एक निवडायचं होतं. वाचलं नव्हतं, हे खरं होतं. ते लिहिलं असतं तर मी आलो असतो हे त्यांना कळलं असतं, चार जिने काय, चाळीस चढून आलो असतो. खुर्ची उगाच रिकामी राहिली नाही हे कळलं असतं. आणि आम्ही पुन्हा पूर्वीसारखे बसलो असतो, मी दर रविवारी आलो असतो. फक्त त्यांना हेही कळलं असतं की तेरा वर्षांनी पुन्हा एकदा मी पाटी समोर असताना बटण दाबलं होतं. त्यांनी सगळ्यांना दाखवलेलं ते नाव, ते पहिलं नाव, काही नव्हतं. एका आंधळ्या बोटानं काचेला केलेला स्पर्श. मास्तर पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते. वर्गातला मुलगा फळ्यापाशी गेला की शिक्षक बघतात तसे, ओठ किंचित हलवत, पुढचं अक्षर आपणच सांगू की काय असे.

मी लिहिलं, "वाचले होते. यायला जमले नाही."

त्यांनी पान हातात घेतलं, खिडकीकडे धरलं. बराच वेळ वाचत राहिले. दुसरं वाक्य पुन्हा वाचलं, मला दिसलं.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "अक्षर सुधारलंय तुझं."

वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या, जसा काही मीही ठेंगणाच निघालो होतो. त्या चहा ठेवायला उठल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या. मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "दोनची पाळी ना? दोन बस बदलाव्या लागतात इथून. निघ तू. उशीर होईल." अजून साडेदहासुद्धा वाजले नव्हते.

मी उठलो. हातानं खूण केली, येतो. त्यांनीही केली, पण ती पंप बंद कर याची होती. सवयीनं केली असेल. वहिनींनी माझ्या मागे दार लावलं, मी हातातली चप्पल घालायला जिन्यावर वाकलो आणि आतून मास्तरांचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज, त्यांना वाटत असेल आपण हळूच बोलतोय.

"बघ, वाचलं होतं त्यानं."

वहिनी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

"नाही आला तर नाही आला," मास्तर म्हणाले. "वाचलं तर होतं."

मी कठडा धरून तिथंच उभा राहिलो. खालून कुणीतरी जिना चढत येत होतं, त्याला वाट द्यायला हवी होती.